पुढच्या शेल्टरवर भेटू

जॉर्जियातल्या नील गॅप या खिंडीत, डांबरी रस्त्याला लागून, दगडी भिंतींचं एक जुनं दुकान आहे. दुकानासमोरच्या झाडावर वर्षानुवर्षं बुटांच्या जोड्या लोंबत असत. नाडीला नाडी बांधून कुणीतरी वर भिरकावलेल्या, पावसात भिजून फुगलेल्या, उन्हात तडकलेल्या. अॅपलाचियन ट्रेलवर दक्षिणेकडून निघालेला माणूस साधारण ५० किलोमीटर चालून, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, इथे पोहोचतो. जवळजवळ सगळी वाट अजून पुढेच असते. आणि इथूनच कित्येक जण घरच्या गाडीत बसतात. कुणाचा गुडघा टम्म सुजलेला असतो, कुणाची सॅक वीस किलोंच्या वर गेलेली असते, कुणाला तीन रात्रींच्या पावसातच कळून चुकतं की हे आपल्याच्याने व्हायचं नाही. झाडावरचे बूट अशा परतलेल्यांचे, असं सांगतात. त्यात नवे बूट घेऊन पुढे गेलेल्यांचेही बरेच असणार, कारण दुकानात बूट मिळतात. पण रस्त्याच्या कडेला एकमेकांना कडकडून मिठी मारणारी माणसं दिसतात, त्यांच्याबद्दल शंका नको. ओळख होऊन चार दिवस झालेले असतात. तरी डोळे भरून येतात, आणि ते का भरून आले हे घरच्यांना फोनवर सांगायला जमत नाही.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगररांगेवरून चौदा राज्यं ओलांडत जाणारी ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट. दक्षिण टोकाला स्प्रिंगर माउंटन, उत्तर टोकाला मेन राज्यातलं कटाडिन शिखर. वाट दाखवायला झाडांवर आणि खडकांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे. ती एका दमात, म्हणजे पाच ते सात महिन्यांत पुरी करायची म्हणून दरवर्षी तीन हजारांहून अधिक माणसं निघतात आणि चारांतला साधारण एक शेवटाला पोहोचतो. हा आकडा सहसा हिमतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. तो सोबतीचीही गोष्ट सांगतो. पहिल्या आठवड्यात चौघांची गट्टी जमली, तर सरासरीच्या हिशेबाने त्यांतल्या तिघांना कुठे ना कुठे निरोप द्यायचा आहे.

गट्टी जमतेही फार लवकर. वाटेवर दर बारा-तेरा किलोमीटरला एक शेल्टर येतं, तीन भिंती आणि एक छप्पर असलेली लाकडी पडवीच म्हणा ना. पाऊस लागला की आठ माणसांच्या जागेत दहा माणसं खांद्याला खांदा लावून झोपतात. कॉलेज सोडून आलेला विशीतला मुलगा, नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका, फौजेतून बाहेर पडलेला जवान, सगळ्यांचे मोजे एकाच दोरीवर. कुणी कुणाला आडनाव विचारत नाही, कारण इथे माणसाला नवं नाव मिळतं आणि ते बहुधा दुसऱ्याने ठेवलेलं असतं. कुणी भाताचं पातेलं सांडलं, कुणी रात्रभर घोरला, की झालं बारसं. सहा महिने माणूस त्याच नावाने ओळखला जातो. पुढे ताटातूट झाली की शोधताना कधी कधी तेवढंच नाव हाताशी असतं.

आता चालीचं गणित. एकाची चाल ताशी साडेतीन किलोमीटर, दुसऱ्याची ताशी चार. सकाळी बरोबर निघाले तर पहिला तासभर फरक जाणवतही नाही. आठ तासांनी तो चार किलोमीटरचा होतो आणि आठवड्यात अठ्ठावीसचा, म्हणजे दोन शेल्टरांचा. ज्याची चाल जास्त तो वाट बघत थांबू शकतो, पण डोंगरावर थांबणं फुकट नसतं. घामाने भिजलेला कपडा वाऱ्यात गार पडतो, दहा मिनिटांत हुडहुडी भरते, आखडलेले स्नायू पुन्हा मोकळे करताना जीव जातो. ज्याची चाल कमी त्याचे हाल वेगळेच. तो धापा टाकत खिंडीत येऊन पोहोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती घेऊन उठलेले असतात. ज्याला गरज सर्वांत जास्त त्याच्याच वाट्याला विश्रांती सर्वांत कमी. असे आठ-दहा दिवस गेले की एका संध्याकाळी तोच म्हणतो, तुम्ही व्हा पुढे. पुढच्या शेल्टरवर भेटू.

हे वाक्य या वाटेवर सगळ्यांत जास्त बोललं जात असावं. बोलणारा ते मनापासून बोलतो आणि ऐकणाराही विश्वास ठेवतो. मग पाऊस येतो, एखादा दिवस गावातल्या हॉस्टेलवर मुक्काम पडतो, कुणाच्या पोटऱ्या धरतात, आणि अंतर तीस-चाळीस किलोमीटरवर जातं. ते भरून काढायचं तर मागच्याने आठवडाभर रोज जादा चालायचं. पायांना हे झेपत नाही. इथल्या बहुतेक ताटातुटी अशा होतात. कुणीही कुणाला सोडून जायचं ठरवलेलं नसतं.

वारी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे थोडं विचित्र वाटेल. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण तिथे चाल पालखीची असते. दिंडीचा क्रम ठरलेला, विसावा ठरलेला, मुक्काम ठरलेला. ऐंशीच्या म्हातारीला आणि पंचविशीच्या पोराला रात्री एकाच तळावर यायचं असतं. सह्याद्रीतल्या ट्रेकमध्येही पुढे एक वाटाड्या आणि सगळ्यात मागे एक जाणता भिडू ठेवायची रीत आहे. अॅपलाचियन ट्रेलवर मागे राहिलेल्याची जबाबदारी कुणावरही सोपवलेली नाही. प्रत्येक जण एकटा निघालेला आहे, सोबत त्याने वाटेत आपणहून धरलेली आहे, आणि ती धरून ठेवायची तर ते रोज सकाळी नव्याने ठरवावं लागतं. म्हणूनच ती सोबत इतकी हवीहवीशी वाटते, आणि म्हणूनच ती टिकवणं अवघड जातं.

सगळ्यांत कठीण जातं ते घरूनच जोडीने निघालेल्यांना. त्यांनी ओझं वाटून घेतलेलं असतं. टेंटचं कापड एकाकडे, काठ्या आणि वरचं आच्छादन दुसऱ्याकडे. स्टोव्ह एकाच्या सॅकमध्ये, गॅसचा डबा दुसऱ्याच्या. पाण्याचा फिल्टर एक, औषधांची पिशवी एक, टूथपेस्टची ट्यूबही एकच. नॉर्थ कॅरोलायनातल्या हॉट स्प्रिंग्ज या छोट्या गावात ट्रेल थेट मुख्य रस्त्याच्या फुटपाथवरून जाते. अशा गावात, हॉस्टेलच्या पडवीत, जोडी फुटताना बघावी. एकाच्या नडगीचं हाड दुखायला लागलेलं असतं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे चालायचं नाही म्हणून बजावलेलं असतं. दोन्ही सॅक उलट्या होतात. दोघांचा टेंट एकट्याने वाहायचा म्हणजे दीड किलो जास्त. तो ठेवायचा की एकट्यापुरता नवा घ्यायचा? फिल्टर अर्थातच पुढे जाणाऱ्याला. स्टोव्हही त्यालाच. घरी जाणारा आपली खाण्याची पिशवी जमिनीवर ओततो. ओटचे पुडे, शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी, चीजचा तुकडा, चार दिवसांची बेगमी. पुढे जाणारा ‘मला एवढं नको’ म्हणतो आणि तरी घेतो. घरी जाणारा मग आपले कोरडे मोजेही पुढे करतो. ते घ्यावेत की नाही यावर दोघं पाच मिनिटं वाद घालतात, आणि बोलायचं असलेलं सगळं त्या मोज्यांच्या निमित्ताने बोलून होतं.

या वाटेच्या इतिहासात जरा खोल गेलं, तर अगदी मुळाशीच एक विरह आहे. बेंटन मकाय हा वनशास्त्रज्ञ. ही पायवाट असावी ही कल्पना त्याची. एप्रिल १९२१ मध्ये त्याची पत्नी जेसी हार्डी स्टब्स, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली नावाजलेली कार्यकर्ती, हिने न्यू यॉर्कमध्ये आपलं आयुष्य संपवलं. मकाय तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नियतकालिकाचा संपादक चार्ल्स व्हिटेकर हा त्याचा मित्र. त्याने मकायला आपल्या न्यू जर्सीतल्या शेतावर बोलावून घेतलं, आणि त्या उन्हाळ्यात, माणसांपासून दूर, मकायने अॅपलाचियन डोंगररांगेवरून जाणाऱ्या लांबच लांब वाटेचा आराखडा लिहून काढला. ऑक्टोबर १९२१ मध्ये तो व्हिटेकरच्याच नियतकालिकात छापून आला. लेखात पत्नीचा उल्लेख नाही. लेख आहे प्रादेशिक नियोजनाचा, शहरी माणसाला विसाव्याच्या जागा कशा मिळाव्यात याचा. पण कोणत्या उन्हाळ्यात तो लिहिला गेला हे एकदा कळलं की ती वाट आणि तिच्यावरचे मुक्काम निराळे दिसू लागतात.

कल्पना मकायची, पण वाट प्रत्यक्ष उभी केली ती मायरन एव्हरी या हट्टी, धडाडीच्या वकिलाने. मोजणीचं चाक हातात धरून तो डोंगर तुडवत गेला, गावोगावच्या मंडळांना कामाला लावलं. हे दोघेही एका अर्थी सहप्रवासीच, आणि त्यांचंही बिनसलं. व्हर्जिनियातल्या शेनँडोह भागात डोंगरमाथ्यावरून मोटारीचा रस्ता येणार होता. मकायला तो रानाचा घात वाटत होता. एव्हरीचं म्हणणं, रस्ता होणार असेल तर वाट बाजूला सरकवू, पण आधी ती पुरी होऊ दे. १९३५ मध्ये दोघांमध्ये कडवट पत्रं गेली-आली आणि संबंध तुटले. मकाय दुसऱ्या कामाला लागला, एव्हरीने वाट नेटाने पुढे नेली आणि १९३७ च्या ऑगस्टमध्ये ती सलग जोडली गेली. एकाला ती सुचली आणि दुसऱ्याने ती बांधली. पण ती पुरी झाल्याचा आनंद दोघांनी मिळून काही साजरा केला नाही.

आणि मग अर्ल शॅफर. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कजवळचा हा तरुण. त्याचा जिवलग दोस्त वॉल्टर वाइनमिलर. दोघं लहानपणापासून डोंगरात भटकायचे, आणि युद्ध संपलं की अख्खी अॅपलाचियन ट्रेल मिळून चालायची असं त्यांचं ठरलं होतं. दोघंही पॅसिफिकमधल्या युद्धावर गेले. वाइनमिलर इवो जिमा बेटावर मारला गेला. शॅफर परत आला, पण कशातच मन लागेना. अखेर ४ एप्रिल १९४८ रोजी, तेव्हा दक्षिण टोक असलेल्या माउंट ओगलथॉर्पवरून, तो एकटाच निघाला. युद्ध आपल्या अंगातून चालून चालून बाहेर काढायचंय, असं त्याचं साधं कारण होतं. वाट युद्धाच्या काळात ओस पडली होती, खुणा पुसल्या होत्या, कित्येक ठिकाणी झाडं आडवी झाली होती. तरी ५ ऑगस्टला, १२४ व्या दिवशी, तो कटाडिनवर उभा राहिला. ही सगळी वाट एका दमात चालल्याची नोंद असलेला तो पहिला माणूस. वाट सांभाळणाऱ्या संस्थेला आधी खरंच वाटेना. त्याची डायरी, त्याने काढलेल्या स्लाइड्स आणि त्याने सांगितलेले बारकावे पाहिल्यावर मान्य करावं लागलं. त्या प्रवासाची कागदपत्रं आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या दप्तरात जपलेली आहेत.

शॅफरची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक ‘एकट्याने’ या शब्दावर जोर देतात. तो तितकासा खरा नाही. दोघांनी मिळून आखलेला बेत तो एकटा पुरा करत होता. बरोबर चालायचं ठरवून सोबती आलाच नाही, ही सोबतीची सर्वांत जड तऱ्हा आहे, आणि ती घेऊन चालणारे आजही या वाटेवर दरवर्षी भेटतात. कुणाच्या सॅकला बांधलेल्या छोट्याशा डबीत नवऱ्याची रक्षा असते, कुणी मुलाचा जुना रुमाल गळ्यात बांधून निघालेलं असतं. इतरांना ते लगेच कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या मुक्कामी, शेकोटी विझत आल्यावर, कळतं. शॅफर पुढे १९६५ मध्ये उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि १९९८ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, पुन्हा एकदा ही वाट चालला.

न तुटलेली सोबतही या वाटेने पाहिली आहे. बिल अर्विन हा दृष्टिहीन माणूस १९९० च्या मार्चमध्ये स्प्रिंगरवरून निघाला, तो ओरिएंट नावाच्या कुत्र्याबरोबर. कुत्र्याच्या पाठीवर त्याचं स्वतःचं ओझं असायचं. अर्विन पडायचा, पुन्हा उठायचा. असं हजारो वेळा झालं. नोव्हेंबरमध्ये, बर्फ पडू लागल्यावर, दोघं कटाडिनला पोहोचले. चालीत फरक पडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण एकाचं पाऊल दुसऱ्याच्या पावलावर टाकायचं होतं. बहुतेकांचं असं नसतं. बिल ब्रायसनचं ‘अ वॉक इन द वूड्स’ १९९८ मध्ये आलं आणि ही वाट जगभर गाजली. त्यात त्याचा जोडीदार, ज्याला पुस्तकात कॅट्झ असं बदललेलं नाव आहे, मधला बराच काळ कामासाठी आपल्या गावी निघून जातो. दोघं पुन्हा एकत्र येतात ते थेट मेनच्या शंभर मैलांच्या निर्मनुष्य रानात, आणि तिथे पाणी शोधायला गेलेला कॅट्झ एक रात्र हरवतो. दुसऱ्या दिवशी दोघांची गाठ पडते आणि ते तिथूनच परत फिरतात. लोक या पुस्तकाला विनोदी म्हणून वाचतात. पण सोबती दिसेनासा झाल्यावर पोटात पडणारा खड्डा त्या शेवटच्या प्रकरणांत आहे, आणि तो हसण्यावारी नेलेला नाही.

इथल्या लोकांचं एक ब्रीद आहे: ज्याने त्याने आपापली चाल चालावी. कुणाला कुणासाठी थांबायची सक्ती नाही, कुणी पुढे गेलं म्हणून राग धरायचा नाही. हे शहाणपण अनुभवातून आलेलं आहे, हे मान्य. मित्राच्या चालीने चालायला गेलेल्या कित्येकांची हाडं खरोखर मोडली आहेत. पण या ब्रीदाच्या आडोशाने एक वाईट सवयही शिरते. सकाळी इतरांना जाग यायच्या आत मॅटमधली हवा सोडायची, सामान भरायचं आणि काही न बोलता निघून जायचं. ज्याच्याबरोबर महिनाभर जेवलो, ज्याच्या फोडांवर टेप लावली, त्याला तोंड दाखवायचं टाळायचं, कारण निरोप घेणं जड जातं. हे चुकीचं आहे आणि ते स्पष्टच म्हणायला हवं. थांबायचं बंधन नसावं. सांगून जायचं बंधन असावं.

सुदैवाने सांगायची सोय जुनी आहे. प्रत्येक शेल्टरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत एक वही आणि पेन ठेवलेलं असतं. येणारा आपलं ट्रेलवरचं नाव, तारीख आणि दोन ओळी लिहितो. पाणी कुठे आहे, उंदीर किती आहेत, अस्वलाने कुणाची पिशवी पळवली. आणि त्याच्या मधेमधे मागच्यांसाठी निरोप: गुडघा बरा आहे, शुक्रवारी गावात थांबतोय, तुझा चमचा माझ्याकडे आलाय, घाई करू नकोस. दोन दिवसांनी येणारा ते वाचतो, तारखांवरून अंतर काढतो आणि खाली स्वतःची ओळ लिहितो. ती मात्र पुढे गेलेल्याला दिसायची नाही. निरोप मागे येतात, पुढे जात नाहीत. उलट दिशेने, कटाडिनकडून दक्षिणेला येणारे हायकर तोंडी निरोप आणतात तेही पुढच्यांचेच, मागच्यांसाठी: लाल टोपीवाली बाई भेटली तर सांग, आम्ही दोन दिवस पुढे आहोत. तो अनोळखी माणूस शंभर किलोमीटर हा निरोप डोक्यात ठेवून चालतो आणि लाल टोपी दिसली की पोहोचवतो. आता फोन आहेत, वाटेची ॲप्स आहेत, डोंगरमाथ्यावर रेंज आली की दहा संदेश एकदम येऊन पडतात. तरी वह्या आहेत आणि लोक त्यांत लिहितात.

या नोंदींचं मोल भावनेपुरतं नाही. २०१३ च्या जुलैमध्ये मेनमधल्या रानात एक ज्येष्ठ हायकर बाई वाटेपासून थोडी बाजूला गेली आणि चुकली. तिची मैत्रीण आणि ती महिनोन् महिने बरोबर चालल्या होत्या. घरच्या अडचणीमुळे मैत्रिणीला काही आठवड्यांपूर्वीच परतावं लागलं होतं. शेवटच्या शेल्टरवर कुणी तिला पाहिलं, कुणी तिचा फोटो काढला, यावरून शोध कुठून सुरू करायचा ते ठरलं. मोठा शोध होऊनही ती सापडली नाही. दोन वर्षांनंतर तिचा टेंट आणि तिची वही मिळाली, वाटेपासून फार दूर नव्हे. मैत्रिणीचा यात काही दोष नाही, आणि कुणी तो लावूही नये. घरचं बोलावणं आलं की जावंच लागतं. पण सोबत सुटल्यावर मागे राहिलेल्याने आपण कुठे आहोत हे लिहीत जावं, पुढच्यांनी ते वाचत जावं, एवढं तरी या घटनेनंतर अनेकांनी कसोशीने पाळायला सुरुवात केली तर नवल नाही.

सगळ्यांचीच एकदम ताटातूट झाली ती २०२० मध्ये. मार्च महिना म्हणजे दक्षिणेकडून निघायचा ऐन हंगाम. करोना पसरू लागला आणि वाट सांभाळणाऱ्या संस्थेने चालणाऱ्या सगळ्यांना वाट सोडून घरी जायची विनंती केली. नोकरी सोडून, घर भाड्याने देऊन आलेली माणसं. शेल्टरांत दाटीवाटीने झोपणं, एकाच पिशवीत हात घालून खाणं, गावातल्या अनोळखी माणसाच्या गाडीत बसणं, म्हणजे या वाटेवरचा सगळा जिव्हाळा, तोच धोका ठरला. काही जण निघाले तेव्हा एकमेकांना मिठीसुद्धा मारू शकले नाहीत.

जे चालत राहतात त्यांच्यासाठी वेस्ट व्हर्जिनियातलं हार्पर्स फेरी हे मोठं ठाणं. इथे पोटोमॅक आणि शेनँडोह नद्यांचा संगम आहे, आणि संस्थेचं मुख्यालयही. अंतराने नव्हे, पण मनाने ही निम्मी वाट मानतात. आलेल्या प्रत्येक हायकरचा दारात फोटो काढतात, त्याखाली त्याचं ट्रेलवरचं नाव आणि तारीख, आणि तो अल्बममध्ये लागतो. हायकर आधी पाणी पितो आणि मग अल्बमची पानं उलटायला बसतो. हा बघ, नऊ दिवसांपूर्वी गेला, केवढा वाळलाय! ही अजून दोघांबरोबरच आहे. आणि ज्याचा फोटो असायला हवा होता तो कुठेच नाही. व्हर्जिनिया हे राज्य एकटंच पावणेनऊशे किलोमीटरचं आहे. तिथल्या उन्हाळ्यात, गर्द झाडीच्या त्याच त्या हिरव्या बोगद्यात, बरेच जण गळतात.

उत्तरेला मेनमध्ये केनेबेक नदी लागते. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ती बघता बघता चढते. १९८५ मध्ये एक हायकर इथे बुडून गेली. त्यानंतर इथे संस्थेची होडी असते आणि होडीच्या तळाला तोच पांढरा पट्टा रंगवलेला असतो, म्हणजे होडी हीच ट्रेल. एका खेपेला एक किंवा दोघे. तिघांची टोळी असेल तर दोघे पलीकडे जाऊन बसतात, तिसऱ्याची खेप यायची वाट बघत. इथवर टिकलेली टोळी सहसा मग फुटत नाही. अडीचशे किलोमीटरसुद्धा उरलेले नसतात. पाय पुढे ओढ घेतात आणि मन चाल कमी करायला सांगतं; पहाटे चारला उठणारी माणसं सात वाजेपर्यंत कॉफी पीत बसतात. पण बॅक्स्टर स्टेट पार्कमधलं कटाडिन ऑक्टोबरच्या मध्यानंतर हवामानापायी केव्हाही बंद होऊ शकतं, तेव्हा रेंगाळायलाही मर्यादा आहे.

शिखरावर लाकडी पाटी आहे. तिला हात लावून रडणं, तिच्यावर चढून फोटो काढणं, सगळं वीस मिनिटांत उरकतं, कारण वारा थांबू देत नाही. मग उतार. संध्याकाळी मिलिनॉकेट गावात पोटभर जेवण, आणि दुसऱ्या सकाळी प्रत्येकाची बस वेगळी. सहा महिने सकाळी उठून काय करायचं हे ठाऊक असलेल्या माणसाला घरी गेल्यावर आठवडे न् आठवडे काही सुचत नाही. चालण्याच्या सवयीपेक्षा शेजारी कुणी मॅट गुंडाळत असल्याचा आवाज नसणं जास्त खुपतं, असं परतलेल्यांपैकी बरेच जण सांगतात.

यावरचा उतारा म्हणून व्हर्जिनियातल्या डमॅस्कस गावातला मे महिन्यातला मेळा. १९८७ पासून तो भरतो. ट्रेल या गावाच्या मधून जाते. त्या वर्षी चालणारे, पुढे गेले असतील तर मागे येऊन आणि मागे असतील तर गाडीने पुढे येऊन, मेळा गाठतात. पूर्वीच्या वर्षांतले दूरदूरून येतात. नडगीच्या दुखण्याने घरी गेलेलेही येतात, आणि त्यांना कुणी ‘पुरी केलीस का’ म्हणून विचारत नाही. मैदानात शेकडो टेंट लागतात, हायकरांची मिरवणूक निघते, गावकरी दुतर्फा उभे राहून पाण्याचे फुगे मारतात आणि पोरंटोरं पिचकाऱ्या घेऊन धावतात. हॉट स्प्रिंग्जच्या पडवीत मोज्यांवरून वाद घालणाऱ्या दोघांसारखे कितीतरी जण इथे पुन्हा भेटतात. दोन दिवस खाणं, गप्पा, फाटक्या सॅकची दुरुस्ती. रविवारी दुपारपासून ज्यांची वाट अजून बाकी आहे ते रस्त्यावर येऊन अंगठा दाखवत उभे राहतात, आपण ट्रेल जिथे सोडली होती नेमक्या त्याच जागी परत जायचं असल्यामुळे प्रत्येकाला वेगळी गाडी शोधावी लागते, आणि ज्याला आधी मिळते तो दार ओढता ओढता ओरडून विचारतो, तू कुठल्या शेल्टरपाशी आहेस?